बातम्या देणाऱ्या बाईचं करिअर आणि घर: आतल्या लोकांनी सांगा (बहिणीसाठी विचारतेय)

कोपरगावची_मानसी:

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय पण वेळ काढून वाचा प्लीज, घरात यावरून रोज वाद चाललेत.

माझ्या धाकट्या बहिणीचं मुंबईतल्या एका मराठी न्यूज चॅनेलमध्ये सिलेक्शन झालंय. पोस्टचं नाव अँकर कम प्रोड्युसर. पुण्यात पत्रकारितेचा कोर्स केला, मग आमच्याकडे लोकल केबलला बातम्या दिल्या, वाचन भरपूर, आवाज चांगला, त्यामुळे सिलेक्शनचं आम्हाला नवल नाही वाटलं. प्रश्न पुढचा आहे. बाबा जाम खूश आहेत कारण त्यांच्या डोक्यात अजून मुंबई दूरदर्शनच आहे, प्रदीप भिडेंचा आवाज, भक्ती बर्वे, स्मिता तळवलकर, साडी नेसून शांतपणे बातम्या द्यायच्या आणि घरी यायचं, समाजात मान. स्मिता तळवलकरांनी सतरा वर्षं बातम्या दिल्या आणि संसार, सिनेमे सगळं केलं हे ते आल्यागेल्याला सांगतात. आईचं उलट. ती म्हणते आता तसं काही राहिलेलं नाही, आता रात्रपाळी, आरडाओरडा, आणि लग्नाचं बघायला गेलं की मुलाकडचे पहिलं विचारणार की नोकरी सोडणार का. आणि बहीण कुणाचंच ऐकत नाही, तिला एक तारखेला जॉईन व्हायचंय.

मला खरं काय ते हवंय. त्या जुन्या लोकांनी हे कसं केलं, त्यांचं पोट यावरच होतं का? आजच्या अँकरचा दिवस कसा असतो? लग्न, मूल झाल्यावर बायका टिकतात का? आणि चाळिशीनंतर काय? या क्षेत्रात काम केलेलं किंवा घरात कुणी असलेलं इथे असेल तर कृपया लिहा, चॅनेलचं नाव घ्यायची गरज नाही.

---

जुना_ठाणेकर:

मानसी, तुझ्या बाबांच्या वयाचाच आहे मी, त्यामुळे ते काय म्हणतात ते मला नीट कळतं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, वरळीला. दिल्लीनंतर देशातलं दुसरं केंद्र. टीव्ही चाळीत एकाच्या घरी आणि बाकी सगळे दारात. पर्यायच नव्हता दुसरा, एकच चॅनेल, त्यामुळे जो माणूस बातम्या द्यायचा तो आख्ख्या महाराष्ट्राला घरातला वाटायचा. आज कुठल्याही अँकरला ते मिळणं शक्य नाही, ती कितीही चांगली असली तरी, कारण बघणारे वाटले गेलेत. त्यामुळे तो मान तुझ्या बहिणीला मिळेल असं बाबांनी धरून चालू नये.

पण एक गोष्ट लोक विसरतात. त्या पिढीतल्या बहुतेकांचं बातम्या देणं हे एकमेव काम नव्हतं. अनंत भावे घ्या, प्राध्यापक माणूस, मुलांसाठी किती सुंदर कविता लिहिल्या त्यांनी, आणि घरात पुष्पाताई भावेंसारखी बाई, ज्या शिकवायच्याही आणि रस्त्यावरच्या आंदोलनातही असायच्या. प्रदीप भिडे १९७४ पासून दूरदर्शनवर होते पण त्याबरोबर जाहिराती, माहितीपट, कार्यक्रमांचं सूत्रसंचालन, आवाजावर केवढं काम उभं केलं त्या माणसानं. जून २०२२ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या सोसायटीतल्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नव्हता. भक्ती बर्वे तर मुळात रंगभूमीच्याच, पुलंच्या 'ती फुलराणी'तली मंजुळा, आम्ही शिवाजी मंदिरला रांग लावून बघितलंय. नवरा शफी इनामदार, तोही नाटकातला, म्हणजे घरात दोघांचंही आयुष्य प्रयोग आणि दौऱ्यांवर. तो १९९६ ला गेला आणि त्या स्वतः फेब्रुवारी २००१ मध्ये वाईहून मुंबईला परत येताना एक्स्प्रेस वेवर अपघातात गेल्या. हे लिहितानाही वाईट वाटतं.

आणि स्मिता पाटील. ती बातम्या द्यायची तेव्हा टीव्ही कृष्णधवल होता, रंगीत नंतर १९८२ ला एशियाडच्या वेळी आला. जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या द्यायला बसायची हे तिच्याबद्दल नेहमी सांगतात आणि मला ते फार आवडतं, कारण कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच नीटनेटकं, बाकी ती कॉलेजातलीच मुलगी. बातम्यांमुळेच ती श्याम बेनेगलांच्या नजरेत आली आणि १९७५ पासून सिनेमा सुरू झाला, 'भूमिका'ला राष्ट्रीय पुरस्कार, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर १९८६ मध्ये गेली, वय फक्त ३१, मुलगा पंधरा दिवसांचा.

स्मिता तळवलकरांचं बाबा सांगतात ते बरोबर आहे, सतरा वर्षं. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत हे जास्त महत्त्वाचं. सिनेमात काम केलं, मग १९८९ ला 'कळत नकळत'ची निर्मिती केली, त्याला राष्ट्रीय पुरस्कार, नंतर 'तू तिथे मी'लाही. 'सवत माझी लाडकी' स्वतः दिग्दर्शित केला. मालिका किती, मुलांना शिकवण्यासाठी अकादमी. कॅन्सरशी झगडत शेवटपर्यंत काम करत राहिल्या, ऑगस्ट २०१४ मध्ये गेल्या. तेव्हा बाबांना सांग की आदर्श चांगला निवडलाय पण पूर्ण बघा. बातम्या देणं हा त्या बाईंच्या कामाचा एक भाग होता, आणि बाकीचं त्यांनी स्वतः उभं केलं.

---

आउटपुट_डेस्क:

काकांनी फार छान लिहिलंय. मी बरीच वर्षं आउटपुटला, म्हणजे बातम्या तयार करून ऑन एअर पाठवणाऱ्या विभागात होतो, बुलेटिन प्रोड्युसर, दोन वेगवेगळ्या चॅनेलला, आता बाहेर पडलोय त्यामुळे मोकळेपणानं लिहितो.

आपल्याकडे २००७ ला झी २४ तास आणि स्टार माझा आले, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत, आणि सगळंच बदललं. दूरदर्शनला ठरलेल्या वेळी एक बुलेटिन, स्क्रिप्ट हातात, आधी वाचून बघायला वेळ. चोवीस तास चॅनेलला बुलेटिन संपतच नाही, फक्त अँकर बदलतो. अँकर कम प्रोड्युसर म्हणजे काय ते नीट समजून घ्या, स्टुडिओत दोन तास असेल तर डेस्कवर सहा तास. स्वतः कॉपी लिहायची, व्हीओ म्हणजे दृश्यांवरचा आवाज द्यायचा, पॅकेज म्हणजे तयार बातमीची क्लिप एडिटरकडून कापून घ्यायची, रनडाऊन म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम लावायला हात लावायचा, आणि मग मेकअप करून आत जायचं. हे चांगलंय, मी तर म्हणेन फक्त वाचणारी अँकर होऊच नका. ज्यांना डेस्क येतो त्यांना काढताना चार वेळा विचार होतो.

सकाळची पहिली शिफ्ट असेल तर घराखाली गाडी पहाटे तीन-साडेतीनला. ऑफिसला पोचल्यावर आधी चहा नाही, आधी सगळे पेपर आणि रात्रभरात वृत्तसंस्थांकडून आलेल्या बातम्या, मग मेकअप. सहाला ऑन एअर. आता स्टुडिओत काय होतं ते सांगतो म्हणजे बहिणीला अंदाज येईल. समोर प्रॉम्प्टरवर ओळी सरकतायत, कानात ईपी म्हणजे इअरपीस, त्यात पीसीआरमधून, म्हणजे कंट्रोल रूममधून प्रोड्युसर बोलतोय, आणि तिचं तोंड चालू आहे. मी कानात सांगतोय, पुढची स्टोरी ड्रॉप, नाशिकला अपघात आहे, रिपोर्टर फोनवर येतोय, अजून लाईन लागली नाही, तू खेच. खेच म्हणजे काय, तर प्रॉम्प्टर कोरा, हातात दोन ओळींचा फ्लॅश, मागे तीच ती तीन व्हिज्युअल्स फिरतायत आणि तिनं चुकीचं काही न बोलता दोन मिनिटं भरायची. किती मृत? माहीत नाही. मग आकडा बोलायचा नाही. कुठला घाट? माहीत नाही. मग नाव घ्यायचं नाही. पण बोलत राहायचं. लाईन लागते, रिपोर्टर म्हणतो आवाज येत नाही, परत सुरुवातीपासून. हे ज्याला जमतं तो अँकर. आवाज, चेहरा, उच्चार हे सगळं त्याच्या नंतर येतं, आणि नवीन मुलींना नेमकं उलटं शिकवलं जातं याचा मला राग आहे.

२६/११ ला मी शिफ्टवर होतो. रात्री साडेनऊच्या सुमाराला कुलाब्यातून गोळीबाराचा फोन आला तेव्हा आधी सगळ्यांना गँगवॉर वाटलं. मग सीएसटी, मग ताज, ओबेरॉय, कामा हॉस्पिटल. जी मुलगी रात्रीच्या बुलेटिनला बसली होती ती सकाळी उठली खुर्चीवरून. मध्ये ब्रेक नाहीत, पाण्याची बाटली टेबलाखाली. तिचा भाऊ त्या वेळी ट्रेननं घरी यायचा होता आणि त्याचा फोन लागत नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं, तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं (तो दादरला उतरून मावशीकडे गेला होता, सुखरूप होता). २९ तारखेला सकाळी सगळं संपलं तेव्हा डेस्कवरची माणसं ओळखू येत नव्हती. त्या तीन दिवसांत सगळ्याच चॅनेलनी कारवाई लाईव्ह दाखवली आणि ती दाखवायला नको होती, पुढे २०१५ ला सरकारनं अशा कारवाईच्या लाईव्ह कव्हरेजवर बंदीच घातली. नवीन अँकरनं हा नियम पाठ करून जायला पाहिजे, कारण ऑन एअर माणूस तीच असते, लोकांना पीसीआर दिसत नाही.

आरडाओरड्याबद्दल आई म्हणतात ते खरंय. रेटिंग दर गुरुवारी येतं आणि गुरुवारी दुपारी न्यूजरूमचा मूड काय असेल ते त्यावर ठरतं. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ न्यूज चॅनेल्सचं रेटिंग बंद होतं, तेव्हा मला वाटलेलं आता तरी आवाज खाली येईल. नाही आला. पण म्हणून प्रत्येक अँकरला ओरडावंच लागतं असं नाही, सकाळची बुलेटिन्स, शेती, जिल्ह्यांच्या बातम्या यात अजूनही शांतपणे काम करणारे लोक आहेत आणि त्यांना बघणारेही आहेत.

---

कल्याण_पश्चिम:

माझी बायको अँकर आहे. तिला विचारूनच लिहितोय, चॅनेलचं नाव घेणार नाही.

आमचं लग्न ठरवताना माझ्या घरी थोडी कुरकुर झाली होती. माझ्या आईला वाटायचं टीव्हीवरची मुलगी घरात कशी वागेल. आज तीच आई सकाळी सहाला टीव्ही लावते आणि शेजारच्या काकूंना सांगते आज आमच्या हिनं निळी साडी घातलीय. तर लग्नाचं म्हणाल तर ज्याला समजून घ्यायचंय तो घेतो, मुलाकडच्यांनी पहिल्याच भेटीत नोकरी सोडणार का विचारलं तर ते स्थळ आपोआप बाद झालं, उलट बरंच झालं की लवकर कळलं.

पण सोपं नाही हे. सणाला ती घरी नसते, हे आधीच मनाशी धरून ठेवा. गणपतीत दहा दिवस आणि विसर्जनाला तर लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत दिवसरात्र लाईव्ह, दसऱ्याला मेळावे, निवडणुकीच्या निकालाला पहाटेपासून, बजेटला, वारीला. आमच्याकडे गौरी जेवतात तेव्हा ती स्टुडिओत असते, आई आता नैवेद्य झाल्यावर डबा भरून ठेवते तिच्यासाठी. पहाटेच्या शिफ्टला ती रात्री आठला झोपते, म्हणजे मी ऑफिसातून येतो तेव्हा ती झोपलेली आणि मी उठतो तेव्हा ती ऑन एअर. आठवड्यातले कितीतरी दिवस आमचं बोलणं फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर चालतं, मुलीच्या शाळेत पैसे भरलेस का, गॅस नंबर लाव, डॉक्टरची अपॉइंटमेंट शनिवारी घे. रात्रपाळीचा महिना असला की तिची चिडचिड वाढते, मासिक पाळी बिघडते, पित्त होतं, हे सगळं आम्ही भोगलंय.

सगळ्यात वाईट वेळ आली ती प्रेग्नन्सीच्या वेळी. पाचव्या महिन्यापर्यंत सगळं ठीक, मग अचानक तिला प्राइम टाइमवरून काढून डेस्कवर बसवलं. कारण काय तर फ्रेममध्ये बरं दिसत नाही. तोंडी सांगितलं, लेखी काही नाही. रजेवरून परत आली तर तिचा स्लॉट दुसऱ्या मुलीला दिलेला आणि तिला पहाटेची शिफ्ट, तान्ह्या बाळाची आई असताना. ती भांडली, एचआरला मेल केले, सहा महिने गेले पण दुपारची शिफ्ट मिळवलीच. तिचं म्हणणं आहे की मेल केले म्हणून मिळाली, नुसतं बोलून काही झालं नसतं. आता दोनेक चॅनेलमध्ये गरोदर अँकर शेवटपर्यंत बातम्या देताना दिसतात तेव्हा तिला फार बरं वाटतं.

आणि सोशल मीडिया. पुरुष अँकरला राजकारणावरून शिव्या पडतात, बाई अँकरला राजकारण, कपडे, वजन, आडनाव सगळ्यावरून. आधी ती सगळं वाचायची. आता तिचं पेज मी बघतो, धमकीचं काही असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवतो, एकदा सायबर पोलिसांत तक्रारही दिली. बहिणीला आत्ताच सांगा की पर्सनल अकाउंट वेगळं आणि प्रायव्हेट ठेव, घराचे, सोसायटीच्या गेटचे फोटो टाकू नको.

चांगलंही सांगतो. कोविडमध्ये आम्ही सगळे घरात बसलेलो आणि ती रोज जात होती, रिकाम्या रस्त्यानं. एका गावातल्या आजोबांनी चॅनेलला पत्र पाठवलं होतं, हातानं लिहिलेलं, की तुम्ही रोज सकाळी नीट शब्दांत सांगता म्हणून आम्हाला लसीचं कळलं आणि आम्ही दोघं जाऊन घेऊन आलो. ते पत्र आमच्या कपाटात जपून ठेवलंय.

---

विदर्भाची_लेक:

एक गोष्ट मांडू का, विषय नाजूक आहे. २०१७ मध्ये छत्तीसगडमध्ये एका चॅनेलची अँकर सकाळचं बुलेटिन देत होती, महासमुंद जिल्ह्यात गाडीचा अपघात झाल्याची ब्रेकिंग आली, रिपोर्टर फोनवर तपशील देत होता, गाडी कुठली, किती जण, आणि त्या तपशिलावरून तिच्या लक्षात आलं की त्यात आपला नवरा आहे. तिनं बुलेटिन पूर्ण केलं आणि मग बाहेर येऊन कोसळली. देशभर तिचं कौतुक झालं, धैर्य, निष्ठा वगैरे.

तिच्या धैर्याबद्दल मला आदरच आहे. पण ज्या पद्धतीनं ती क्लिप फिरवली गेली ते मला अजिबात पटलं नाही. बाईच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण आपण फॉरवर्ड करत होतो. आणि त्यातून न्यूजरूममधल्या प्रत्येक मुलीकडून तशी अपेक्षा सुरू होते, की काही झालं तरी खुर्ची सोडायची नाही. वर २६/११ चं वाचलं, त्या मुलीचा भाऊ सापडत नव्हता आणि तिनं कुणाला सांगितलंच नाही. का नाही सांगितलं? कारण सांगितलं तर हलकी ठरू असं वाटलं असणार. मानसी, तुझ्या बहिणीला सांग की असं काही झालं तर प्रोड्युसरला सरळ सांगायचं, दुसरा अँकर येतो, बुलेटिन चालतं. तिच्या घरचं कुणी अडचणीत असेल तर तिथे तिच्याऐवजी दुसरं कुणी नाही जाऊ शकत.

---

आउटपुट_डेस्क:

विदर्भाची_लेक, शंभर टक्के. आम्हाला तेव्हा कळलं असतं तर तिला लगेच उठवलं असतं, बदली अँकर बाहेर बसलेलीच होती. नंतर मी ज्या ज्या शिफ्टला होतो तिथे ऑन एअर जायच्या आधी अँकरला विचारायचो, घरी सगळं बरंय ना. एवढं विचारलं तरी लोक बोलतात.

---

कोपरगावची_मानसी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवताना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा ठाणेकर काकांचं वाचताना हळवे झाले. आईला कल्याणच्या दादांचं पटलं, विशेषतः सासूबाईंच्या डब्याचं, म्हणाली अशी माणसं भेटली तर माझं काही म्हणणं नाही. विदर्भाच्या ताईंचं बहिणीनं स्वतः दोनदा वाचलं.

आता ती एक तारखेला जातेय हे नक्की. पण ऑफर लेटर आलंय त्यात दोन-तीन गोष्टी कळत नाहीयेत. वर्षाचा करार आहे, रिटेनर असं लिहिलंय, पीएफचा उल्लेख नाही. नोटीस तीन महिने. आणि स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवायचं नाही अशी अट. शिवाय तिला विचारलंय की सहा महिने रिपोर्टिंगला जायचंय का आधी, ती म्हणते नको, मला स्टुडिओच हवा. काय करावं?

---

लातूरचा_बूम:

मी लातूरला आधी स्ट्रिंगर, म्हणजे नोकरीवर नसलेला, बातमीमागे पैसे मिळणारा वार्ताहर, मग रिपोर्टर, आणि नंतर मुंबईत अँकर झालो, अजून काम करतोय. यातलं बऱ्यापैकी माहीत आहे म्हणून लिहितो.

रिपोर्टिंग मिळतंय तर डोळे झाकून घ्यायला सांगा. सहा महिने नाही, वर्ष मिळालं तर वर्ष. स्टुडिओत बसून दुष्काळ हा शब्द बोलणं वेगळं आणि टँकरच्या मागे पळणाऱ्या बायकांमध्ये बूम म्हणजे चॅनेलचा माइक घेऊन उभं राहणं वेगळं. मी २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली ती कव्हर केलीय, प्लॅटफॉर्मवर लोक वॅगनला हात लावून बघत होते. आज पाण्यावरची कुठलीही बातमी आली आणि लाईन तुटली तर मला खेचायला अडचण येत नाही, कारण सांगायला माझ्याकडे काहीतरी असतं. चाळिशीनंतर काय, असा प्रश्न होता ना, त्याचंही उत्तर हेच. ज्यांच्याकडे फिल्ड आहे, सोर्स आहेत, एखाद्या विषयाचा अभ्यास आहे, शेती, कोर्ट, आरोग्य, काहीही, ते एडिटर होतात, शो करतात, डिजिटलला जातात. नुसत्या चेहऱ्यावर असलेल्यांना, आणि त्यातही बायकांना, पस्तिशीनंतर स्लॉट कमी होत जातात, हा अन्याय आहे पण आहे. पुरुषाचे केस पांढरे झाले तर अनुभवी म्हणतात.

बोलीबद्दल कुणी टोकलं तर घाबरू नका. मला पहिले काही महिने माझ्या हेलावरून बोलायचे. रोज सकाळी अर्धा तास पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचायचो, ण आणि न, ळ आणि ल, श आणि ष, जोडाक्षरं, आकडे, परदेशी नावं. हेल बराचसा गेला. पण घरी फोनवर मी आजही लातूरचंच बोलतो, ते घालवायची काही गरज नाही.

आता कराराचं. रिटेनर म्हणजे बहुतेक तुम्हाला पगारी कर्मचारी न धरता सल्लागार धरतात, टीडीएस कापून पैसे देतात, पीएफ नाही, ग्रॅच्युइटीचा दावा लावायचा तर पुढे भांडावं लागतं. सुरुवातीला पुष्कळ जणांना असंच देतात, लगेच नकार द्या असं मी म्हणणार नाही, पण जॉईन होण्याआधी मेलवर विचारा की पेरोलवर कधी घेणार, आणि उत्तर मेलवरच घ्या. बाळंतपणाची रजा कायद्यानं २०१७ पासून २६ आठवडे आहे, पहिल्या दोन मुलांसाठी, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. रिटेनरवर असलेल्या बाईला ती द्यायला काही जण खळखळ करतात, म्हणून हा प्रश्न आत्ताच विचारायचा, लग्न ठरल्यावर नाही.

रात्रीच्या शिफ्टचं पण. महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे, त्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षा आणि घराच्या दारापर्यंत गाडीची सोय मालकानं करायची असते. तेव्हा पहाटे तीनची गाडी हा तिचा हक्क आहे, उपकार नाही. गाडीत ती एकटी असेल का, सिक्युरिटी असेल का, पिकअप दारातून की कोपऱ्यावरून, हे विचारून घ्या. राहायला जागा शक्यतो ऑफिसच्या जवळ बघा, भाडं जास्त पडलं तरी, दोन-तीन मुली मिळून घेतात.

नोटीस तीन महिने जास्त आहे, एक महिना मागा, निदान दोघांनाही सारखीच असू दे. खूपदा आपण सोडायची तर तीन महिने आणि त्यांनी काढायचं तर एक महिना असं लिहिलेलं असतं, ते बारकाईनं वाचा. यूट्यूबची अट सगळीकडे आहे आता. २०२२ ला रवीश कुमार एनडीटीव्ही सोडून यूट्यूबवर गेले आणि लोक त्यांच्या मागे गेले तेव्हापासून तर मॅनेजमेंट जास्तच जपून असतं. ती अट काढून मिळणार नाही, पण नोकरी सोडल्यावर किती महिने ती लागू राहते ते बघा, आणि पुस्तक, व्हॉइस ओव्हर, सूत्रसंचालन याला परवानगी घेऊन चालेल असं एक वाक्य घालून घ्या. ठाणेकर काकांनी भिडे साहेबांचं जे सांगितलं ना, आवाजावर बाकीचं काम, त्याला वाव राहायला पाहिजे.

ऑफर लेटरमधलं नाव, पगार, चॅनेल सगळं झाकून फक्त अटींच्या ओळी इथे टाकल्या तर मी बघून सांगतो. एक तारखेच्या आधी टाका, सही झाल्यावर बदलत नाहीत.